मोठ्या रकमेचा जामीन: इंदूरच्या कोर्टात खर्च किती, कागद कोणते आणि अडतं कुठे

आदेशात दहा लाखांचा आकडा दिसला की घरात पहिला प्रश्न उठतो तो एवढे पैसे आणायचे कुठून, हाच. कुणी एफडी मोडायला निघतो, कुणी पुण्याच्या काकांना फोन लावतो, कुणी कपाटातले दागिने काढतो. जरा थांबा. बहुतेक आदेशांत त्या दहा लाखांपैकी एक रुपयाही त्या दिवशी कोर्टात भरायचा नसतो. आरोपी पेशीला (कोर्टाच्या तारखेला) आला नाही तर एवढी रक्कम आमच्याकडून वसूल करावी, असं आरोपीने आणि जामीनदाराने लिहून द्यायचं असतं, त्यालाच मुचलका म्हणतात. माणूस जेलमध्ये दोन-चार दिवस जास्त राहतो तो बहुतेक वेळा कागदांपायी: ऋण पुस्तिका (शेतजमिनीच्या हक्काची पुस्तिका) एकाच्या नावाने, आधार दुसऱ्याच स्पेलिंगने, रजिस्ट्री (खरेदीखत) बँकेत, आणि बाहेर शुक्रवारची संध्याकाळ.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि जामिनाचे मुख्य नियम तिच्या कलम ४७८ ते ४९६ मध्ये आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४३७, ४३८, ४३९ ही कलमं आता अनुक्रमे ४८०, ४८२, ४८३ झाली. कोर्टाच्या आवारात आजही दोन्ही आकडे ऐकू येतात, त्याने गोंधळू नका. अर्जावर मात्र नवं कलम हवं.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. इंटरनेटवर जामिनाचा खर्च शोधला की अमेरिकेतल्या कंपन्यांची माहिती समोर येते: रकमेच्या साधारण दहा टक्के फी द्या, कंपनी हमी घेते, ती फी परत मिळत नाही. आपल्याकडे असा परवानाधारक धंदाच नाही. इंदूरच्या कोर्टाबाहेर कुणी 'पाच टक्के द्या, जमानतदार आम्ही आणतो' म्हणाला तर तो कायदेशीर सेवा विकत नाही, तुमची अडचण विकत घेतोय. त्याचे परिणाम पुढे सांगितले आहेत.

आदेश कसा वाचायचा

आदेशाची प्रत हातात आली की शेवटचे दोन परिच्छेद तीन वेळा वाचा. पुढची सगळी धावपळ त्यावर ठरते.

सर्वात नेहमीची भाषा अशी असते: पाच लाखांचा व्यक्तिगत मुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, विचारण न्यायालयाच्या (खटला चालवणाऱ्या कोर्टाच्या) समाधानाप्रमाणे. याचा अर्थ आरोपी स्वतः पाच लाखांची हमी लिहून देणार आणि जामीनदार वेगळी पाच लाखांची. 'तेवढ्याच रकमेचे दोन जामीनदार' असेल तर दोघांची प्रत्येकी पाच लाख, म्हणजे आरोपी धरून एकूण पंधरा लाखांची जबाबदारी. 'प्रत्येकी अडीच लाखांचे दोन' हे अगदीच वेगळं. आदेशात एक जामीनदार लिहिला असेल तर आपल्या सोयीने तो आकडा दोघांत वाटता येत नाही. त्यासाठी आदेश दुरुस्त करून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, मुचलका कुठे भरायचा. जामीन महात्मा गांधी मार्गावरच्या उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने दिला तरी जामीनदार सहसा तिथे नेत नाहीत. जिथे खटला चालू आहे त्या न्यायाधीशांसमोर तो उभा करायचा. खटला महू, सांवेर किंवा देपालपूरला असेल तर जामीनदाराने तिथे जायचं. अटकपूर्व जामिनात बहुधा अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या समाधानाप्रमाणे असं लिहिलेलं असतं, म्हणजे मुचलका थान्यात (पोलीस ठाण्यात) होतो. पण चालान (आरोपपत्र) सादर झाल्यावर कोर्ट नव्याने मुचलका मागू शकतं, म्हणून अटकपूर्व जामिनात उभ्या राहणाऱ्या माणसाला 'पुन्हा एकदा यावं लागेल' हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट अटींची. पासपोर्ट जमा करणं, थान्यात ठरावीक दिवशी हजेरी, परवानगीशिवाय देश न सोडणं, फिर्यादीशी संपर्क न ठेवणं. पासपोर्ट जमा करायची अट असेल आणि पासपोर्ट घरी सापडत नसेल तर मुचलका तयार असूनही सुटका अडते. पासपोर्ट काढलेलाच नसेल तर तसं शपथपत्र तयार ठेवा.

खर्चाचा खरा हिशेब

सरकारला किंवा कोर्टाला द्यायचं असं टक्केवारीचं शुल्क जामिनात नाही. खर्च पुढच्या गोष्टींचा होतो.

वकिलांची फी हा सर्वात मोठा भाग आणि ती प्रकरणावर ठरते. विचारायचं ते एवढंच, की जामिनाचा अर्ज आणि जामीनदार उभा करण्याचं काम एकाच फीत आहे की वेगळं. उच्च न्यायालयातले वकील आणि खालच्या कोर्टातले वकील पुष्कळदा वेगळे असतात. आदेश झाल्यावर 'आता खाली भरायचे वेगळे' हे ऐकून धक्का बसण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. त्याखालोखाल शपथपत्रांचे स्टॅम्प, नोटरी, टायपिंग, प्रमाणित प्रती, मालमत्तेचा सर्च रिपोर्ट हे किरकोळ खर्च. मूल्यांकनाचा दाखला मागितला तर मूल्यांककाची फी. मालमत्ता दुसऱ्या गावी असेल तर प्रवास.

याशिवाय एक खर्च डोळ्यांना दिसत नाही. मालमत्ता किंवा एफडी हमीत गुंतली की ती खटला संपेपर्यंत मोकळेपणाने विकता किंवा तारण ठेवता येत नाही. जामीनदाराला मुलीच्या लग्नासाठी वर्षभरात प्लॉट विकायचा असेल तर तो कितीही जवळचा असला तरी त्याला पुढे करू नका. खटले वर्षानुवर्षं चालतात.

रोख भरायची पाळी आली तर हिशेब असा. पाच लाख कोर्टात ठेवले आणि बँकेत सहा टक्के मिळाले असते असं धरलं, तर वर्षाला तीस हजारांचं व्याज बुडतं, चार वर्षं चालल्यास एक लाख वीस हजार. मूळ रक्कम अटी पाळल्या तर परत मिळते. पण एवढी रक्कम अडकवण्यापेक्षा चांगला जामीनदार शोधायला दोन दिवस जास्त गेले तरी ते स्वस्त पडतं, असं आमचं मत आहे. अपवाद फक्त तेव्हा, जेव्हा माणूस आजारी आहे आणि जेलमधला एकेक दिवस महाग आहे.

जामीनदार कोण व्हावा

जामीनदार नातेवाईकच हवा असा नियम नाही, शेजारी, मित्र, दुकानाचा भागीदार कुणीही चालतो. स्त्रीही चालते. कोर्ट दोन गोष्टी पाहतं: हमीएवढी ऐपत आहे का, आणि आरोपीला ओळखून त्याला पेशीला हजर ठेवू शकेल का. म्हणून आरोपीशी रोजचा संबंध असलेला माणूस दूरच्या श्रीमंत नातेवाइकापेक्षा बरा. आरोपीच्या प्रत्येक चुकलेल्या तारखेची झळ त्यालाच बसणार असते.

कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराने आपण आजवर किती जणांना आणि कोणत्या प्रकरणांत जामीन राहिलो हे कोर्टाला जाहीर करायचं असतं. इथे काहीही लपवू नये. आधी कुणाला जामीन राहिल्याची नोंद ऋण पुस्तिकेवर किंवा कोर्टाच्या संगणकात निघालीच, तर खोटं शपथपत्र हे स्वतंत्र संकट होतं. आधीचा एक जामीन असणं हे आपोआप नकाराचं कारण होत नाही, मालमत्तेची किंमत दोन्ही हमींना पुरली पाहिजे.

आता कागद. ओळखीसाठी आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, फोन नंबर, राहत्या पत्त्याचा पुरावा हे सगळ्यांनाच लागतं. मूळ कागद सोबत, आणि प्रत्येकाच्या तीन प्रती: एक कोर्टाला, एक तस्दीक (पडताळणी) करणाऱ्याला, एक स्वतःकडे. ऐपतीसाठी पुढचे मार्ग आहेत.

शेतजमीन असेल तर भू-अधिकार ऋण पुस्तिका हा मध्य प्रदेशात सर्वात चालणारा कागद. सोबत चालू वर्षाचा खसरा (जमिनीचा उतारा) आणि बी-१ खतौनी (खातेदाराचा उतारा) द्या, दोन्ही एमपी भूलेख पोर्टलवरून काढता येतात. खसऱ्यातला कैफियतीचा (शेऱ्याचा) रकाना आधी स्वतः वाचा. तिथे बँकेचं बंधक (तारण), न्यायालयाचा स्थगन किंवा जुन्या जामिनाची नोंद असेल तर ती बाबूच्या नजरेत येणारच. किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज फिटलं तरी बंधकाची नोंद न काढल्यामुळे जमीन अडकल्याची उदाहरणं घरोघरी आहेत. अशा वेळी बँकेचं कर्जमुक्तीचं पत्र घ्या आणि नोंद कमी करण्याचा अर्ज तहसीलीत आधीच टाका. जमिनीची किंमत कलेक्टर गाइडलाइनच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, दराने काढून एका कागदावर मांडून द्या. क्षेत्र गुणिले दर, एवढंच गणित. न्यायाधीशांना ते शोधावं लागलं नाही की काम लवकर होतं. जमीन भावांच्या सामाईक खात्यात असेल तर एका भावाचा फक्त त्याच्या हिश्श्याएवढाच भार घेतला जातो. दहा लाखांच्या जमिनीत समान हिश्श्याचे चार खातेदार असतील तर तुमच्या माणसाची ऐपत अडीच लाखांची.

शहरातल्या मालमत्तेत इंदूरच्या मराठी कुटुंबांची गाठ नेमकी एका जागी पडते. रामबाग किंवा राजवाड्याजवळचा वाडा किमतीने कोट्यवधींचा, पण तो अजून आजोबांच्या नावाने, नामांतरण झालेलं नाही, वारस इंदूर, पुणे आणि बंगळुरूला विखुरलेले. नगर निगमाची संपत्ती कराची पावती कुणाच्याही नावाने असो, ती मालकीचा पुरावा नव्हे. असा वाडा घेऊन कोर्टात जाऊ नका, दिवस वाया जातो. त्याऐवजी सुदामा नगर किंवा वैशाली नगरमधला, एकाच माणसाच्या नावावर रजिस्ट्री असलेला, कर्ज नसलेला साधा फ्लॅट शोधा. किंमत कमी असली तरी तो एका बैठकीत मान्य होतो. लागणारे कागद: मूळ रजिस्ट्री, चालू वर्षाची संपत्ती कराची पावती, गाइडलाइनप्रमाणे किंमत, आणि रक्कम मोठी असेल तर बोजा नसल्याचा सर्च रिपोर्ट. गृहकर्ज असेल तर मूळ रजिस्ट्री बँकेत असते आणि मालमत्तेवर पहिला हक्क बँकेचा, त्यामुळे अशी मालमत्ता मोठ्या जामिनाला सहसा चालत नाही. इंदूर विकास प्राधिकरणाचा लीजवरचा प्लॉट असेल तर लीज डीडची मुदत आणि नूतनीकरण झालंय का ते तपासा.

एफडी हा मार्ग सरळ आहे पण त्याला एक दिवस जास्त लागतो. मूळ पावती द्यावी लागते, आणि बँकेने त्या एफडीवर कोर्टाच्या नावे लियन (पैसे काढता न येण्याची नोंद) नोंदवल्याचं शाखेचं पत्र सोबत हवं. आरोपीच्या स्वतःच्या नावाची एफडी जामीनदाराच्या ऐपतीत धरली जात नाही, ती जामीनदाराची हवी. पगारपत्रक, कार्यालयाचा दाखला किंवा गाडीचं आरसी बुक यांचा उपयोग लहान रकमांना होतो. दहा लाखांच्या आदेशात ते जोडकागद म्हणून द्या, त्यांच्यावर विसंबू नका. काही कोर्टं तहसीलदाराचं ऐपतीचं प्रमाणपत्र मागतात. ते मिळायला पटवाऱ्याची चौकशी होते आणि दिवस लागतात, म्हणून जामिनाचा अर्ज सुनावणीला लागताच त्याची तयारी सुरू करा. जामीन नाकारला गेला तरी ते प्रमाणपत्र पुढच्या अर्जाला उपयोगी पडतं.

नावाचा घोळ

सर्वात जास्त जामीनदार परत पाठवले जातात ते नावाच्या फरकामुळे, आणि त्यात मराठी घरं पुढे असतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहितात. इथल्या महसुली कागदांत नाव लिहून पुढे 'पिता' किंवा 'पती' असतं आणि आडनाव कधी असतं, कधी नसतं. लग्नाआधी आईने दिलेली जमीन असेल तर रजिस्ट्रीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. न्यायाधीशांसमोर कागद ठेवण्याआधी सगळ्या कागदांवरची नावं एका ओळीत लिहून बघा. फरक असेल तर 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं शपथपत्र, आणि स्त्रियांच्या बाबतीत विवाहाचं प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचा पुरावा जोडा. हे शपथपत्र आदल्या दिवशी करून ठेवा. कोर्टाच्या आवारात ऐनवेळी करायला गेलात तर जेवणाची सुट्टी त्यातच जाते.

महाराष्ट्रातला जामीनदार

मालमत्ता पुण्याला किंवा नागपूरला असलेला भाऊ जामीन राहू शकतो का? कायद्यात स्थानिक जामीनदारच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये मध्य प्रदेशातूनच गेला होता. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गवंड्याकडून दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाला नाकारलं, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या पीठाने हा आदेश चुकीचा ठरवला. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण म्हणून नोंदवलं आणि न्यायालयांनी अशी अट घालू नये असं सुचवलं. वकिलांना हे दोन्ही दाखले सोबत ठेवायला सांगा.

व्यवहारात अडचण तस्दीकीची असते. इथल्या कोर्टाला पुण्याचा सातबारा तपासता येत नाही, शिवाय तो मराठीत असतो आणि इथलं काम हिंदीत चालतं. म्हणून महाभूमी पोर्टलवरचा डिजिटल सहीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, त्याचं नोटरी केलेलं हिंदी भाषांतर, आणि भावाचं शपथपत्र असा संच करा. तरीही तस्दीक तिकडच्या ठाण्यातून मागवली गेली तर आठवडा जाऊ शकतो. शक्य असेल तर इंदूरचा जामीनदार पहिला आणि महाराष्ट्रातला दुसरा ठेवा.

कोर्टातला दिवस

सकाळी कोर्ट बसण्याआधी वकिलांच्या टेबलावर जामीनदार, कागदांचा संच आणि आदेशाची प्रत हजर हवी. उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रत संकेतस्थळावरून निघते, पण प्रमाणित प्रतही लगेच मागून ठेवा. वकील जामीनदाराचा अर्ज आणि भरलेला जमानतनामा (जामीनदाराचा मुचलका) रीडरकडे, म्हणजे न्यायाधीशांच्या कारकुनाकडे, देतात. त्यात अपराध क्रमांक, थाना, कलमं, आरोपीचं आणि त्याच्या वडिलांचं नाव आदेशाबरहुकूम असलं पाहिजे. एक अंक चुकला तरी जेलमधून कागद परत येतो.

मग न्यायाधीश जामीनदाराला विचारतात: आरोपी कोण लागतो, काय काम करता, मालमत्ता कुठे, किती, कर्ज आहे का, आधी कुणाला जामीन राहिलात का. जामीनदाराने पढवलेली उत्तरं देऊ नयेत. आरोपीच्या घरचा पत्ता किंवा मुलांची नावं न सांगता येणारा माणूस लगेच संशयात येतो, आणि भाड्याने आणलेले जामीनदार इथेच पकडले जातात. कलम ४८५ प्रमाणे कोर्ट शपथपत्रावर समाधान मानू शकतं किंवा चौकशी करवू शकतं. मोठ्या रकमेत थान्याकडून किंवा तहसीलीतून तस्दीक मागवली जाण्याची शक्यता धरूनच चला.

मान्य झालं की ऋण पुस्तिकेवर प्रकरण क्रमांक, रक्कम आणि तारीख यांची नोंद होते किंवा मूळ रजिस्ट्री कोर्टात ठेवली जाते. रजिस्ट्री ठेवली तर पोच मागा आणि ती जपून ठेवा. त्यानंतर रिहाईचा (सुटकेचा) आदेश जेलकडे जातो. इंदूरला सेंट्रल जेल आणि जिल्हा जेल अशी दोन आहेत, आरोपी कुठे आहे ते आधी विचारून घ्या. संध्याकाळची गिनती होऊन बराकी बंद झाल्यावर आदेश पोहोचला तर सुटका दुसऱ्या दिवशी. म्हणून दुपारी तीननंतर जामीनदार उभा केला तर त्याच दिवशी सुटण्याची आशा फारशी धरू नका.

जेल दोन कारणांनी थांबवतं. पोलिसांनी नंतर एखादं गंभीर कलम वाढवलं असेल तर त्या कलमातही जामीन लागतो. आणि दुसऱ्या प्रकरणात वॉरंट असेल तर या प्रकरणातला मुचलका पुरेसा नसतो, कलम ४८७ तेच सांगतं. आरोपीवर एकाहून जास्त प्रकरणं असतील तर सगळ्यांची यादी आणि प्रत्येकाची जामिनाची स्थिती आधी लिहून काढा. अनेक प्रकरणांना वेगवेगळे जामीनदार मिळत नसतील तर गिरीश गांधी प्रकरणातला २२ ऑगस्ट २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी आहे. तेरा गुन्हे अंगावर असलेल्या त्या माणसाला तेच जामीनदार वेगवेगळ्या राज्यांतल्या प्रकरणांत चालवायची परवानगी मिळाली.

रोख आणि 'पैसे भरतो' असं लिहून देणं

कलम ४९० प्रमाणे मुचलक्याऐवजी कोर्टाने ठरवलेली रक्कम जमा करायची परवानगी मिळू शकते. ही परवानगी अर्ज करून मागायची असते, आपणहून पैसे घेऊन जायचं नसतं. रक्कम बँकेच्या मार्गाने भरा म्हणजे स्रोत दाखवता येतो, विशेषतः फसवणूक किंवा जीएसटीच्या प्रकरणात. पावती ज्याच्या नावाने, परतावा त्याला. काकांनी पैसे दिले असतील तर पावतीवर काकांचंच नाव घाला.

जामिनासाठी फिर्यादीची रक्कम भरायची अट ही वेगळी गोष्ट आणि ती बहुधा चुकीची. दिलीप सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२१ च्या प्रकरणात अटकपूर्व जामिनासाठी ४१ लाख जमा करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली: फौजदारी न्यायालय हे वसुलीचं ठिकाण नाही. त्यामुळे घाबरून 'महिन्याभरात पंचवीस लाख भरतो' असं हमीपत्र आपणहून देऊ नका. पुढे भरता आलं नाही की जामीनच धोक्यात येतो. भरण्याची खरी तयारी असेल तर वकिलांशी तडजोडीचा स्वतंत्र मार्ग बोला.

रक्कम झेपतच नसेल

कलम ४८४ म्हणतं की मुचलक्याची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय ती कमी करू शकतात. अर्जात 'आम्ही गरीब आहोत' एवढंच लिहून भागत नाही. मिळकतीचं शपथपत्र, रेशन कार्ड, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, घरात कमावणारे किती, कोणकोणते जामीनदार पाहिले आणि का जमले नाहीत, हे सगळं तारखेसह द्या. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाचा इथे थेट उपयोग होतो. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिन्याभरात मुचलका भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांच्या मदतीसाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची योजनाही विधी सेवा प्राधिकरणामार्फत मागता येते. प्राधिकरणाचा मोफत फोन नंबर १५१००.

जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडायचं असतं. कलम ४७८ चं हे स्पष्टीकरण पुष्कळ घरांना माहीतच नसतं.

पैसे देऊन आणलेला जामीनदार

आता मघाचं पाच टक्क्यांचं. असे जामीनदार बहुधा बनावट किंवा दुसऱ्याच्याच ऋण पुस्तिकेवर उभे राहतात. पुढे ते उघडकीला आलं की कलम ४८८ प्रमाणे कोर्ट वॉरंट काढून नवा जामीनदार मागतं, तो मिळाला नाही तर आरोपी पुन्हा आत. शिवाय बनावट कागदाचा नवा गुन्हा, ज्यात आरोपीच्या घरच्यांचंही नाव येऊ शकतं. दिलेले पैसे तर बुडालेच. आरोपीने जामीनदाराला 'तुला भरावे लागले तर मी देईन' असं लिहून देणंही टाळा. असा करार करार कायद्याच्या कलम २३ खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध धरला जातो आणि त्यावर दावा उभा राहत नाही.

जामीनदाराने काय जपायचं

आरोपी तारखेला गैरहजर राहिला तर आधी वॉरंट निघतं, मग मुचलका जप्त झाल्याचं कोर्ट नोंदवतं आणि जामीनदाराला नोटीस येते: रक्कम भरा किंवा का भरू नये ते सांगा. ही नोटीस कधीच दुर्लक्षू नका. आरोपीला हजर केलं आणि गैरहजेरीचं खरं कारण, म्हणजे दवाखान्याचे कागद वगैरे दाखवलं, तर कलम ४९१ प्रमाणे कोर्ट दंडाचा काही भाग माफ करू शकतं. रक्कम भरली नाही आणि जप्तीतूनही वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आदेशावर कलम ४९५ खाली अपील करता येतं. आरोपीसाठी जामिनावर सुटून विनाकारण हजर न होणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे.

म्हणून जामीनदाराने ई-कोर्ट्स ॲपमध्ये प्रकरणाचा सीएनआर क्रमांक टाकून पेशीच्या तारखा स्वतः पाहाव्यात, आरोपीच्या शब्दावर राहू नये. तो टाळाटाळ करायला लागला, फोन उचलेना, घर बदलायच्या गोष्टी करू लागला, तर कलम ४८९ खाली 'मला मोकळं करा' असा अर्ज करता येतो. त्यावर कोर्ट आरोपीला हजर करायला वॉरंट काढतं, जामीनदार सुटतो आणि आरोपीला नवा जामीनदार द्यावा लागतो. तारीख चुकण्याआधी हा अर्ज केला तर काही अर्थ, नंतर उशीर झालेला असतो.

खटला संपल्यावर

सुटका झाली म्हणून सगळे घरी जातात आणि ऋण पुस्तिकेवरची नोंद तशीच राहते. पाच वर्षांनी ट्रॅक्टरचं कर्ज काढायला गेलं की ती नोंद पुढे येते. शिवाय कलम ४८१ प्रमाणे खटला संपण्याआधीच, अपील झाल्यास वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी सहा महिन्यांचा मुचलका द्यावा लागतो, तेव्हा जामीनदार पुन्हा लागू शकतो. ती मुदत संपली की निकालाची प्रमाणित प्रत जोडून दोन अर्ज करा: जामीनदाराला मुक्त केल्याची ऋण पुस्तिकेवर नोंद घ्यावी, आणि जमा असलेली मूळ रजिस्ट्री किंवा ठेव परत मिळावी. एफडी असेल तर कोर्टाचं पत्र शाखेत देऊन लियन काढून घ्या आणि काढल्याचं बँकेकडून लेखी घ्या. प्रकरण अभिलेखागारात गेलं की हेच काम महिनाभर लांबतं, तेव्हा निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकून ठेवा.